आजीनं सांगितलं तरी नाही

(माँटाना, फेब्रुवारी. बर्फानं भरलेल्या कुरणात गवताचा जुना ट्रक माणसाच्या चालीनं पुढं सरकतो आहे, मागून गाईंची रांग. ट्रकच्या पाठीवर दाताळं घेतलेली सून डीना. खाली बर्फात, ट्रकच्या बरोबरीनं चालणारी सासू आल्मा.)

आल्मा : अगं, गाईंना खायला घालतेयस की पुरतेयस? एका जागी एवढा ढीग! चार दांडग्या उभ्या राहून खातील आणि बाकीच्या माझ्या तोंडाकडं बघतील. पातळ टाक, पातळ!

डीना : पातळच टाकतेय, आई.

आल्मा : हे पातळ? ह्याच्यावर पाहुणा झोपवता येईल.

डीना : मग हे घ्या दाताळं. या वर आणि दाखवा.

आल्मा : दाखवायलाच उतरलेय. अठ्ठेचाळीस हिवाळे गवत टाकलंय मी ह्या कुरणात. गाभण होते तेव्हासुद्धा. गाईपण गाभण, मीपण गाभण, कुणी कुणाचं कौतुक केलं नाही.

डीना : थांबा. उतरलेय म्हणजे? आई, ट्रक कोण चालवतंय?

आल्मा : ट्रकला चालवायला काय लागतं? खालच्या गिअरात टाकून दिलाय, चाललाय आपला म्हाताऱ्या बैलासारखा. तुझी टिली सीटवर उभी राहून चाक धरतेय, तान्हा गस शेजारी झोपलाय. मी उतरते, दोन शब्द सुनावते, परत चढते. आमच्या वेळी हे रोजचंच होतं. तुझा सासरा तर तेवढ्यात मागं जाऊन पाइप ओढून यायचा.

डीना : टिली साडेचार वर्षांची आहे.

आल्मा : तुझा नवरा रॉल्फ तीनचा होता तेव्हा धरायचा. आणि आज त्याचा पाय प्लास्टरात नसता तर मला तरी कुठं हौस होती? तो तिकडं गोठ्यात कुबड्या टेकून पहिलारू गाईंपाशी बसलाय, पोरं काय कुत्र्याकडं ठेवायची?

डीना : सुनावून झालं असेल तर चढा आता.

आल्मा : चढतेच... हे काय? दार लागलंय.

डीना : ओढा जरा जोरात. गोठलं असेल.

आल्मा : गोठलं नाही. आतून खटका दाबलाय. टिली! ए टिली, दार उघड बाळा.

टिली : नाही.

आल्मा : नाही? नाही कुणाला म्हणतेस?

टिली : तुला. तूच सांगितलंस. ट्रक चालत असला की दार उघडायचं नाही. कुणी सांगितलं तरी नाही. आजीनं सांगितलं तरी नाही.

डीना : दुसरं दार, आई. पलीकडचं.

आल्मा : ते नाताळच्या आधीपासून दोरीनं बांधलंय. तुझ्याच नवऱ्याचं काम. गाठ आतून.

डीना : मी उतरते खाली... टिली, इकडे बघ सोन्या. काच बोटभर उघडी आहे ना, ऐकू येतंय ना माझं? आई आहे. दार उघड.

टिली : आईनं सांगितलं तरी नाही. तेपण आजीनंच सांगितलंय.

डीना : माझंसुद्धा?

आल्मा : तुझं तर आधी सांगितलं. तू पाघळतेस लगेच.

टिली : ओरडू नका दोघी. गस झोपलाय. त्याला उठवलं की आजी रागावते.

आल्मा : बरं, चाक तरी फिरव. डाव्या हाताला. हळू.

टिली : नाही. पवनचक्कीकडं नाक. तू म्हणालीस, पवनचक्कीवरून डोळा हलला तर याद राख.

डीना : पवनचक्कीकडे? आई, पवनचक्कीच्या पलीकडे दरड आहे.

आल्मा : मला सांगतेस? माझीच दरड आहे ती.

डीना : खाली ओढा आहे! वरून बर्फ दिसतो, पण तिथं झरा आहे, तो बर्फ माणसाला पेलत नाही. मागच्या वर्षी आपलं खोंड गेलं तिथं!

आल्मा : अगं, रोज मी पवनचक्कीच्या अलीकडंच वळवते. आत बसून. आज बाहेर आहे एवढाच फरक.

डीना : किती पावलं असतील?

आल्मा : साडेतीनशे. ओरडत बसलीस तर तीनशे.

डीना : टिली, ऐक. किल्ली दिसते ना? ती मागे फिरव. ट्रक थांबेल.

टिली : किल्लीला हात लावायचा नाही.

डीना : हेही तुम्हीच?

आल्मा : मग काय ट्रकच्या किल्लीशी खेळू द्यायचं? अजून दुधाचे दात पडले नाहीत तिचे. टिली, मी सांगते, आज लाव हात. आज चालतं.

टिली : परीक्षा आहे.

आल्मा : परीक्षा नाही गं!

टिली : मंगळवारीपण असंच म्हणालीस. दार उघड, परीक्षा नाही, म्हणालीस. मी उघडलं. मग तू मला दालचिनीचा पाव दिला नाहीस. गसला दिलास. त्याला तर दातसुद्धा दोनच आहेत.

डीना : मंगळवारी तुम्ही मला सांगितलंत, पाव संपले.

आल्मा : संपलेच होते. गसनं चोखून संपवला.

डीना : तुम्ही पोरीची परीक्षा घेतलीत? चालत्या ट्रकमध्ये?

आल्मा : चालत्या नाही. घरापुढं उभा होता, इंजिन नुसतं चालू होतं. आणि घेतली तर घेतली. घोड्यालासुद्धा आधी पोतं फडफडवून दाखवतात, मग बसतात.

डीना : ती घोडा नाही.

आल्मा : घोडा एवढा हट्टी नसतो. हा तुमच्या माहेरचा वाण.

डीना : माझ्या माहेरची माणसं किराणा दुकान चालवतात, आई. कुणी सांगितलं की दार उघडतात! सरका, मी गठ्ठा टाकते चाकापुढे. धरा ते टोक.

आल्मा : दोघी मिळून ढकलू... हां... टाक!

डीना : अडला. अडला! ...चढला.

आल्मा : उतरलासुद्धा. वाटलंच मला. तुझ्या सासऱ्यानं स्वतः निवडलेला ट्रक आहे, असा गवताला अडणारा नव्हे.

डीना : आत्ता कौतुक?

टिली : ए आई, एवढा गठ्ठा एका जागी टाकायचा नसतो. पातळ टाक.

आल्मा : बघ. तिला कळतं.

डीना : बॉनेट उघडते. आतली वायर ओढून काढते कुठली तरी.

आल्मा : बॉनेट तारेनं बांधलंय. पीळ घालून. पक्कड लागेल.

डीना : पक्कड कुठाय?

आल्मा : टिलीच्या पायाशी.

डीना : टिली, ती पक्कड फटीतून बाहेर...

टिली : हत्याराला हात लावायचा नाही.

डीना : रेडिओ? रेडिओचं बटण दाबून बाबांना हाक मार. बाबांशी बोल.

टिली : रेडिओ म्हणजे खेळणं नाही.

आल्मा : हे वाक्य माझंच. शब्द ना शब्द.

डीना : काच फोडते मी. दाताळ्यानं.

आल्मा : काच पोरीच्या गालाला लागून आहे. मागच्या काचेला जाळी आहे, आणि जाळीखाली गसचं डोकं. फोड, फोडायची असेल तर. मी बघणार नाही.

डीना : धुराड्यात गवत कोंबलं तर? इंजिन गुदमरेल ना?

आल्मा : तळ गंजून चाळण झालाय ट्रकचा. इंजिनाआधी पोरं गुदमरतील. डोकं शांत ठेव.

डीना : माझी दोन्ही पोरं त्या डब्यात आहेत आणि तुम्ही म्हणताय डोकं शांत ठेव!

आल्मा : माझी नातवंडं आहेत ती! मलासुद्धा भीती वाटतेय, दिसत नाही का तुला? पण हे कुणाला सांगू नकोस.

डीना : किती राहिलं?

आल्मा : दोनशे.

डीना : आई, ऐका माझं. ती कुणाचं ऐकत नाही कारण ती तुमचं ऐकतेय. तुमचा शब्द तुम्हीच मागे घ्या. दुसरा उपाय नाही.

आल्मा : शब्द मागं? मी? अगं, एकदा शब्द मागं घेतला की पोरं पुढं ऐकत नाहीत.

डीना : पुढे ऐकायला पोरं असायला नकोत?

आल्मा : ...टिली! नियम बदललाय. मी बदलला.

टिली : नियम बदलत नसतो.

आल्मा : कुणी सांगितलं?

टिली : आजीनं.

आल्मा : मीच आजी आहे, कार्टे!

टिली : म्हणून तर परीक्षा आहे. तुला परीक्षेत असं खोटं रडवेलं तोंड करता येतं. मंगळवारी केलं होतंस.

आल्मा : हे खोटं तोंड नाही. हे माझं खरं तोंड आहे. असंच आहे ते, काय करू? तुला कसं पटवू की ही परीक्षा नाही?

टिली : 'मी चुकले' म्हण.

आल्मा : काय?

टिली : आई बाबांना सांगत होती. आजी कुंपणाचा खांब चावून खाईल पण 'मी चुकले' म्हणणार नाही. तू म्हटलंस तर ते खरं असणार. परीक्षेत तू कधीच म्हणणार नाहीस.

आल्मा : कुंपणाचा खांब?

डीना : आई, ते नंतर.

आल्मा : लाकडी की लोखंडी?

डीना : आई! दीडशे पावलं!

आल्मा : मी आपली विचारतेय. खायचाच आहे तर माहीत नको? ...टिली. हे बघ. मी जरा... म्हणजे माझं थोडं...

टिली : ऐकू येत नाही. इंजिनाचा आवाज होतोय.

आल्मा : चुकले म्हटलं!

टिली : काय?

डीना : मोठ्यानं, आई. पोटातून.

आल्मा : ओढ्याच्या पलीकडं शेजारचा ओडेगार्ड गुरांना गवत घालतोय, दिसत नाही? ह्या थंडीत आवाज मैलभर जातो. बावीस वर्षं झाली, कुंपणाच्या वादात त्या माणसाला मी एक पाऊल मागं गेलेली दिसले नाही. आणि आता त्याच्यादेखत...

डीना : ओडेगार्ड ऐकेल म्हणून माझी पोरं ओढ्यात घालवणार तुम्ही?

आल्मा : गप्प बस. घे. टिली! मी चुकले! मी आल्मा, तुझी आजी, मी चुकले!

डीना : ऐकलं ना टिली? आता किल्ली...

टिली : नुसतं चुकले म्हटलेलं चालत नाही. काय चुकलं तेपण सांगायचं असतं. मी दुधाची बादली सांडली तेव्हा मला कोपऱ्यात उभं करून आजीनं सगळं म्हणायला लावलं होतं.

डीना : देवा.

आल्मा : नाही, बरोबर बोलतेय ती. सरक डीना, मला पायरीवर चढू दे. फटीपाशी... हां. टिली, माझ्याकडं बघ. चाक सोडू नकोस, नुसती बघ. मंगळवारी मी तुला दार उघड म्हटलं आणि तू उघडलंस. आजी सांगते म्हणजे खरंच असणार असं तुला वाटलं. होय ना?

टिली : होय.

आल्मा : तसं वाटण्यात तुझी काही चूक नव्हती. तू ऐकलंस. तुला फसवलं मी, आणि फसलीस म्हणून शिक्षापण तुलाच केली. पाव तुझा होता. चूक माझी होती. ऐकू आलं?

टिली : आलं.

आल्मा : अजून काही राहिलं का?

टिली : रात्री तू म्हणालीस, बघू उद्या शहाणी होतेस का. मी शहाणीच होते.

आल्मा : शहाणीच होतीस. तेपण चुकलं.

डीना : शंभरसुद्धा राहिली नाहीत, आई...

टिली : बरं. आता काय करू?

आल्मा : किल्ली. चाकाखाली, चकचकतेय ती. धर आणि मागं फिरव.

टिली : फिरत नाही. हातमोजा घसरतो.

डीना : मोजा काढ!

टिली : आई म्हणते, बाहेर आलं की मोजा काढायचा नाही. बोटं पडतात.

डीना : काढ! आई चुकली! आईसुद्धा चुकली! मोज्याच्या बाबतीत, टोपीच्या बाबतीत, भाजी खायच्या बाबतीत, सगळ्याच बाबतीत चुकली, तू काढ मोजा!

आल्मा : एवढं सगळं एकदम कबूल करू नकोस. नंतर जड जातं.

टिली : काढला. गार आहे किल्ली.

आल्मा : असू दे गार. दोन्ही हातांनी. मागं. जोर लाव, माझी वाघीण... अजून...

टिली : फिरली.

डीना : थांबला. आई, थांबला.

टिली : हां, आता ट्रक थांबलाय. आता दार उघडते.

आल्मा : ये. ये माझ्याकडं. मोजा घाल आधी. नाक बघू, गारठलं का? नाही. गस कुठाय, गसला दे... अजून झोपलाय हा! बैलगाडीखाली ठेवला तरी घोरेल. बापावर गेलाय.

डीना : द्या त्याला माझ्याकडे. द्या.

आल्मा : बर्फात बसू नकोस अशी. ऊठ.

डीना : जरा बसू द्या.

आल्मा : रडूपण नकोस. गालावर गोठेल आणि मग पुसताना कातडं निघेल.

डीना : पुढच्या चाकापासून दरड किती लांब आहे?

आल्मा : बघू नकोस.

डीना : सांगा ना.

आल्मा : पुरेशी लांब आहे. आपण सगळे अलीकडं आहोत म्हणजे पुरेशीच.

टिली : आजी, पलीकडचा माणूस टोपी काढून हलवतोय.

आल्मा : हलवू दे. पिसवा झाल्या असतील टोपीत.

टिली : मी हात करू त्याला?

आल्मा : ...कर. एकदाच कर.

डीना : टिली, आत जा बाळा. सीटवर बस गसजवळ, पांघरूण घे. आम्ही इथंच आहोत, दाराशीच. दार उघडं राहू दे.

टिली : मला दोन पाव पाहिजेत. मंगळवारचा आणि आजचा.

आल्मा : तीन घे. जा.

डीना : आई, मी आत्ता भांडत नाहीये. भांडायची ताकदच नाही. पण एक सांगा. असली परीक्षा घ्यायचं कुणाच्या डोक्यात येतं? दार उघड म्हणायचं आणि उघडलं की शिक्षा करायची?

आल्मा : रॉल्फच्या हनुवटीखाली खूण आहे ना. ती कशाची, माहीत आहे तुला?

डीना : बैलानं मारलं त्याला. लहानपणी. लग्नाआधीच सांगितलंय त्यानं मला, तीनदा. दर वेळी बैल थोडा मोठा होतो.

आल्मा : बैल नव्हता.

डीना : म्हणजे?

आल्मा : हाच ट्रक होता. नवा होता तेव्हा. तुझा सासरा तापानं घरी पडलेला, मी एकटीच मागं उभी राहून गवत टाकत होते आणि रॉल्फ आत. तीन वर्षांचा. माझा हातमोजा फाटला. मी वरूनच हाक मारली, दार उघड रे राजा, सीटवरचा मोजा दे मला. चालत्या ट्रकमध्ये. उठून, पुढं जाऊन, ट्रक थांबवून मोजा घ्यायचा कंटाळा.

डीना : आणि त्यानं उघडलं.

आल्मा : पहिल्या हाकेला. एवढासा हात, पण पहिल्या हाकेला ऐकायचा तो माझं. दाराबरोबर तोही बाहेर. हनुवटी पायरीवर आपटली आणि मागचं चाक त्याच्या टोपीवरून गेलं. डोकं टोपीत नव्हतं. टोपी उडाली होती म्हणून.

डीना : आई...

आल्मा : घरी नेला. तुझ्या सासऱ्यानं विचारलं, काय झालं? मी तोंड उघडलं आणि तोंडातून बैल निघाला. मी ठरवलं नव्हतं. आला आपला बाहेर.

डीना : आणि रॉल्फला?

आल्मा : त्याला काय आठवणार? तीन वर्षांचं पोर. मी सांगितलं तेच त्याला आठवतं. बैलाचा रंग आठवतो, शिंग आठवतं. एक शिंग वाकडं होतं म्हणतो. मी शिंगाचं कधी बोललेसुद्धा नव्हते.

डीना : आणि तो बैल? होता तरी का खरा?

आल्मा : होता की. गरीब बिचारा. पोरं शेपटी ओढायची तरी हलायचा नाही. तुझ्या सासऱ्यानं आठवड्याच्या आत विकून टाकला त्याला. चांगली माणसं बघून द्यायला लावला मी, एवढंच. जाताना गाडीतून माझ्याकडंच बघत होता.

डीना : हसू का रडू कळत नाही मला.

आल्मा : हस. गाल सुकेल. ...त्या दिवसापासून मी पोरांना सांगते, मी सांगितलं तरी उघडायचं नाही. सगळ्यात आधी माझ्यापासून सांभाळा. एवढंच होतं त्यात. परीक्षा बिरीक्षा नंतरची अक्कल.

डीना : हे एवढं एकदा सांगितलं असतंत तर मी तुम्हाला खांबाचं काही बोलले नसते.

आल्मा : बोलली असतीस. दुसरं काहीतरी बोलली असतीस. दे हात, ऊठ आता. गाई ट्रकवरूनच गवत ओढायला लागल्यात. आणि ह्या वेळी ट्रकमध्ये मी बसते, टिली माझ्या मांडीवर. माझ्या हातानं वळवते.

डीना : रॉल्फला सांगणार?

आल्मा : ओडेगार्डसमोर एकदा झालंय आज. दिवसाला एक पुरे नाही का?

डीना : पुरे.

आल्मा : उद्या सांगते. सकाळी, कॉफीच्या वेळी, पोरं उठायच्या आत.

डीना : बरं.

आल्मा : तू तिथं बस मात्र.